पांदण, रपटा आणि गिअरचा दांडा
(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



गणपतीच्या मांडवात वाहनावर बोलायचं, म्हणजे आधी बाप्पाच्या वाहनाला हात जोडायला हवेत. उंदराला क्लच नाही, गिअर नाही, पण चिखल असो की बीळ, तो अडकलेला कुणी पाहिला नाही. आपलं वाहन मात्र अडकतं, आणि म्हणूनच आजचा विषय.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिकच्या ट्रेडला निदेशक होतो. निवृत्त झाल्यापासून लोक मला लग्नाच्या पंगतीतही एकच प्रश्न विचारतात. "सर, नवी गाडी घ्यायची आहे. ऑटोमॅटिक घेऊ की गिअरची?" मुलगा नागपूरला किंवा पुण्याला असतो, तो म्हणतो ऑटोमॅटिक घ्या. वडील म्हणतात, शहरात ठीक आहे, आमच्या पांदणीत ते खेळणं काय कामाचं? वाद तिथेच अडतो. आज मी दोघांचीही बाजू तपासणार आहे, आणि शेवटी माझं मतही सांगणार आहे.

ऑटोमॅटिक आपल्या घरात आधीच आहे

पहिली गोष्ट, हा वाद नवा नाही. 1972 साली दोन गाड्या बाहेर पडल्या. एक बजाजची चेतक, डाव्या मुठीत गिअर असलेली. दुसरी फिरोदियांच्या कायनेटिकची लूना, जिला गिअरच नव्हता. चेतकवर घरातला कर्ता पुरुष बसायचा. लूनावर शिक्षिका, नर्स, कॉलेजातली मुलगी, पोस्टमन, कुणीही बसायचं. पुढे 1984 साली कायनेटिक आणि होंडा एकत्र आले आणि बिनगिअरची स्कूटर आली. आज तुमच्या अंगणात जी स्कूटी किंवा अॅक्टिव्हा उभी आहे, तिच्या आत रबरी पट्टा आणि आकार बदलणाऱ्या दोन पुली असतात. चढ लागला की पट्टा आपोआप खाली-वर सरकतो आणि जोर मिळतो. म्हणजे आपल्या वहिनी आणि मुली गेली कित्येक वर्षं या भागातल्या खड्ड्यांतून ऑटोमॅटिकच चालवत आहेत. वाद सुरू होतो तो चार चाकं आली की.

ऑटोमॅटिक एक नाही, चार आहेत

"ऑटोमॅटिक" हा एक शब्द दुकानदार चार वेगळ्या यंत्रांसाठी वापरतो. खेड्यातल्या रस्त्यावर चौघांचे स्वभाव वेगळे, म्हणून थोडं तपशिलात जाऊ.

इंजिन सतत फिरत असतं, चाकं कधी थांबतात, कधी फिरतात. दोघांच्या मध्ये काहीतरी हवं, जे हळूहळू पकड घेईल. गिअरच्या गाडीत हे काम क्लचप्लेट करते. आपण डावा पाय हळू सोडतो, प्लेट घासत घासत पकडते, गाडी निघते. अर्ध्या क्लचवर गाडी रेंगाळत ठेवली की प्लेट घासत राहते, तापते आणि तो ओळखीचा जळका वास येतो.

पहिला प्रकार एएमटी. भारतात तो सर्वसामान्यांच्या गाडीत 2014 साली मारुतीच्या सेलेरिओबरोबर आला. यात क्लच आणि गिअरबॉक्स आपल्या नेहमीच्याच. फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारी यंत्रणा करते. जणू गाडीत एक अदृश्य ड्रायव्हर बसवला आहे. किंमत गिअरच्या गाडीपेक्षा साधारण पन्नास हजारांनी जास्त, आणि मायलेज जवळजवळ तेवढंच. दोष एवढाच की गिअर बदलताना क्षणभर ओढ तुटते.

दुसरा, टॉर्क कन्व्हर्टर. हा वर्गात समजावायला मी दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवायचो. एक चालू केला की त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये वाऱ्याच्या जागी तेल असतं. इंजिनकडचा पंखा तेल ढकलतो, गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो, आणि सुरुवातीच्या कमी वेगात जोर उलट वाढतो. तिथे घासायला प्लेट नाही, म्हणून हळू रेंगाळण्यात याच्या तोडीचं दुसरं काही नाही. अमेरिकेत ओल्ड्समोबिलच्या 1940 च्या मॉडेलमध्ये तेलावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आला, त्याच घराण्याचं हे पुढचं रूप. किंमत मात्र लाख-दीड लाखाने चढते आणि पेट्रोल थोडं जास्त लागतं.

तिसरा सीव्हीटी, म्हणजे तुमच्या स्कूटीचाच मोठा भाऊ. शहरात लोण्यासारखा चालतो. पण चाक चिखलात घुमत राहिलं आणि एकदम दगडावर पकड बसली, की तो झटका पट्ट्याला सोसावा लागतो. चौथा डीसीटी, दोन क्लचचा. हायवेवर झकास, पण त्यातला कोरड्या क्लचचा प्रकार चालण्याच्या वेगानं बराच वेळ रेंगाळलं की तापतो.

आता कुणी "ऑटोमॅटिक घेतली" असं सांगितलं, तर तुमचा पहिला प्रश्न असला पाहिजे, "चारांपैकी कोणती?"

आपले रस्ते

आपला जिल्हा 1867 साली भंडारा, मंडला आणि शिवनीचे भाग जोडून तयार झाला, आणि रस्त्यांवर अजून ते दिसतं. खाली वैनगंगेचा धानाचा सपाट मुलूख, वर बैहरकडे घाट आणि जंगल. एकाच गाडीला दोन्हीकडे जायचं असतं.

आधी पांदण. 2000 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेनं गावापर्यंत डांबर आणलं. गावापासून बांधीपर्यंतचा तुकडा बहुतेक ठिकाणी अजून मातीचा आहे. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या आणि मध्ये उंचवटा. सिहार जमीन असेल तर पाणी लवकर निथळतं, कन्हार असेल तर चाकाला माती चिकटून त्याचा गुळगुळीत गोळा होतो. इथे गिअरपेक्षा आधी तीन गोष्टी बघाव्या लागतात: गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे, टायरच्या खाचा शिल्लक आहेत का, आणि जोर कोणत्या चाकांवर आहे. मधल्या उंचवट्यावर चेंबर आपटून फुटलं, तर क्लच पायानं दाबता की कॉम्प्युटर दाबतो याला काही अर्थ उरत नाही.

या तिन्ही गोष्टी जमल्या की मग गिअर. चिखलातला नियम असा की वेग कमी, पण ओढ अखंड. मध्येच गिअर बदलला की ओढ तुटते आणि गाडी बसते. गिअरच्या गाडीत जाणता माणूस दुसऱ्या गिअरमध्ये शिरतो आणि बाहेर पडेपर्यंत दांड्याला हात लावत नाही. एएमटीमध्ये तुम्ही दांडा डी वर ठेवून शिरलात, तर नेमक्या वाईट जागी कॉम्प्युटर गिअर बदलतो आणि लोक यंत्राला नावं ठेवतात. उपाय दांड्यावरच आहे. तो एम कडे ओढा, पहिला किंवा दुसरा धरा आणि जा. ऑटोमॅटिक विकत घेतलेल्या किती जणांनी तो एम कधी वापरला आहे? हात वर करू नका, मला अंदाज आहे.

रुतल्यावर दोन्ही गाड्या सारख्याच मूर्खपणानं बिघडतात. गिअरवाला अर्ध्या क्लचवर इंजिन ओरडवतो आणि प्लेट जाळतो. ऑटोमॅटिकवाला पाय दाबून चाक घुमवत राहतो आणि तेल तापवतो. चाक दोनदा जागच्या जागी फिरलं की पाय काढा, खाली उतरा, चाकापुढची माती काढून दगड-फांद्या टाका, टायरची हवा थोडी कमी करा. डांबरावर आल्यावर हवा पुन्हा भरायला विसरू नका.

दुसरा, रपटा. इथे मी आवाज थोडा चढवणार आहे. चंदन नदीकाठचं आपलं गाव, आजूबाजूला नाले, आणि पावसाळ्यात रपट्यावरून पाणी. लोक मला विचारतात, "पाण्यातून कोणती गाडी चांगली निघते?" थार घेतलेला सांगतो, कंपनीनं 650 मिलिमीटरपर्यंत पाणी चालेल असं लिहिलं आहे. खरं आहे, पण ते उभ्या पाण्याचं माप आहे. वाहत्या पाण्याचा हिशेब वेगळा. लहान गाडीचा तळ साधारण सहा चौरस मीटर धरा. तळाच्या वर दहा सेंटिमीटर पाणी चढलं, की आत पाणी शिरेपर्यंत ते गाडीला सुमारे सहाशे किलोनं वर उचलतं. गाडीचं वजनच आठशे-नऊशे किलो. म्हणजे चाकांवर उरलं फक्त दोन-तीनशे किलो, आणि बाजूनं प्रवाह ढकलतो आहे. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी नेऊ शकतं, दोन फूट पाणी बहुतेक मोठ्या गाड्या. हे गणित गिअरबॉक्स बदलून बदलत नाही. रपट्यावर पाणी वाहत असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल, तर थांबायचं. पाणी उतरतं, माणूस परत येत नाही.

उथळ, संथ पाणी असेल, तळ ओळखीचा असेल, तर पहिला गिअर, एकसारखा हळू वेग. गिअरच्या गाडीत मध्येच क्लच दाबू नका. ऑटोमॅटिकमध्ये पहिला गिअर अडकवून ठेवा. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा किल्ली फिरवू नका; इंजिनात पाणी शिरलं असेल तर आतला रॉड वाकतो आणि खर्च लाखात जातो. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून सुकवा.

तिसरा, घाट. बालाघाटहून बैहरकडे चढताना टॉर्क कन्व्हर्टर फार सुखाचा. चढावर ट्रकच्या मागे थांबून पुन्हा निघताना गाडी मागे घरंगळायची भीती नाही, अर्ध्या क्लचची कसरत नाही. पण उतारावर हीच गाडी नवख्याला फसवते. डी वर ठेवली की ती आपली मोठ्या गिअरमध्ये जाते, इंजिन गाडीला अडवत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो आणि पाच-सात वळणांनंतर ब्रेक तापून मऊ पडतात. आमचे जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. हा नियम ऑटोमॅटिकलाही लागू आहे. दांड्यावर एल, 2 किंवा वजाची खूण असते ती त्यासाठीच. उतारावर न्यूट्रल मात्र कोणत्याही गाडीत नाही.

कान्ह्याच्या जिप्सीचं काय?

कुणी म्हणेल, कान्ह्याला मुक्की गेटवर तर सगळ्या गिअरच्या जिप्सी दिसतात, मग जंगलासाठी तेच बरोबर ना? जिप्सी 1985 साली आली तेव्हापासून आपल्याकडे ती गिअरचीच मिळाली. ऑटोमॅटिकचा पर्याय कुणी नाकारला नाही, तो समोर नव्हताच. ती टिकली ती वजनानं हलकी, चारही चाकांना जोर आणि दुरुस्तीला सोपी म्हणून.

आज 2020 नंतरची थार आणि 2023 ची जिम्नी दोन्ही प्रकारांत मिळतात, आणि दोन्हींच्या चारही चाकांना जोर असलेल्या प्रकारांत "लो" ची वेगळी पायरी आहे. ती टाकली की चाकावरचा जोर साधारण दोन-अडीच पट होतो आणि गाडी मुंगीच्या चालीनं दगडावरून चढते. अशा जागी, म्हणजे चारही चाकांना जोर आणि लो असताना, टॉर्क कन्व्हर्टर गिअरपेक्षा सोपा आहे, हे मी वर्कशॉपमध्ये हाडाची काडं केलेला माणूस म्हणून सांगतो. डावा पाय मोकळा राहतो आणि लक्ष रस्त्यावर राहतं. गिअरची गाडी तिथे कमी पडत नाही, पण तिला तयार पाय लागतो. फोर्सची गुरखा किंवा 2000 सालापासून खेडोपाडी धावणारी बोलेरो आजही गिअरच्याच आहेत, आणि ज्यांचे पाय तयार आहेत त्यांनी त्या बिनधास्त चालवाव्यात.

बिघडली तर?

वडिलांच्या बाजूचा सर्वात भक्कम मुद्दा इथे आहे. क्लचप्लेट बदलणारा हात वारासिवनीत सहज मिळतो. ऑटोमॅटिकचं दुखणं ओळखायला स्कॅनर लागतो आणि बहुतेक वेळा कंपनीचं वर्कशॉप गाठावं लागतं, म्हणजे बालाघाट, गोंदिया किंवा नागपूर. ज्याची गाडी रोज शेतावर खताची पोती आणि धानाचे कट्टे वाहते, एक दिवस उभी राहिली तर मजुरी बुडते, त्याच्यासाठी हा मुद्दा मोठा आहे. त्यानं गिअरचीच घ्यावी.

टोचन करण्याचं एक पथ्य मात्र सर्वांनी लिहून ठेवा. ऑटोमॅटिक गाडी बंद पडली म्हणून ट्रॅक्टरला दोर बांधून थेट वारासिवनीपर्यंत ओढत नेऊ नका. इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सचा तेलाचा पंप बंद असतो. चाकं फिरतात, आतले भाग कोरडे घासतात आणि चांगला गिअरबॉक्स वाटेतच जातो. जोराची चाकं उचलून किंवा गाडीवर गाडी चढवून न्या. तसंच ऑटोमॅटिक धक्क्यानं सुरू होत नाही. बॅटरी उतरली तर दुसऱ्या गाडीवरून जोडायची केबल डिकीत असू द्या. हल्लीच्या गिअरच्या गाड्याही अगदी मेलेल्या बॅटरीवर धक्क्यानं उठत नाहीत, तेव्हा केबल दोघांनीही ठेवा.

गाडी कोण चालवणार?

आता माझं मत. इतका वेळ आपण यंत्राबद्दल बोललो. माझ्या दृष्टीनं मोठा प्रश्न यंत्राचा नाही.

आपल्या घरांकडे बघा. समजा, सत्तरीचे काका आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. काकू आहेत. मुलगा नागपूरला नोकरीला, शनिवारी येतो. सून इथल्या शाळेत शिकवते, स्कूटी उत्तम चालवते. अंगणात गिअरची गाडी उभी आहे, काकांची लाडकी. श्रावणातल्या एका रात्री दोन वाजता काकांच्या छातीत कळ येते. 108 ला फोन लावायचाच, पण पावसात तिला यायला वेळ लागणार असेल तर? गाडी चांगली आहे, टाकी भरलेली आहे, रस्ता डांबरी आहे, आणि घरात ती चालवू शकणारा एकच माणूस आहे, जो पलंगावर पडला आहे.

असं घर आपल्यात एकच आहे का? मी मोजायला लागलो तर या मांडवातच दहा बोटं पुरणार नाहीत. आपल्या पिढीत मुलं बाहेर गेली, घरं मोठी राहिली आणि माणसं थोडी उरली. अशा घरात एकालाच चालवता येणारी गाडी ही अर्धीच गाडी आहे. स्कूटीवर हात बसलेल्या सुनेला गिअरची गाडी शिकायला महिना-दोन महिने लागतात. आणि पहिल्या महिन्यात चढावर दोनदा बंद पडली की शेजारचे हसतात आणि शिकणं तिथेच थांबतं. तीच सून ऑटोमॅटिक आठ-दहा दिवसांत हाताळू लागते. शासनाचीही आडकाठी नाही. आपल्याकडे दुचाकीच्या लायसन्समध्ये गिअर आणि बिनगिअर असा भेद आहे, कारच्या लायसन्समध्ये नाही. इंग्लंडमध्ये असलेल्या मुलांना विचारा, तिथे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर गिअरची गाडी चालवता येत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. रोज ओझं वाहायचं असेल, चालवणारा तयार हाताचा असेल, आणि घरात आणखी कुणाला गिअरची गाडी येत असेल, तर गिअरची घ्या आणि पैसे वाचवा. बहुतेक डांबर, अधूनमधून पांदण, घरात वयस्कर माणसं आणि शिकणारं कुणी असेल, तर एएमटी घ्या, आणि घेतल्या दिवशी एम चा उपयोग शिका. घाट, जंगल आणि खरोखर कच्चा मार्ग नेहमीचा असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर चारही चाकांना जोर असलेली टॉर्क कन्व्हर्टरची घ्या. सीव्हीटी आणि डीसीटी शहरातल्या मुलांना ठेवू द्या.

आणि गिअरची गाडी आधीच दारात असेल, तर ती विकायला मी सांगत नाही. घरातल्या दुसऱ्या माणसाला ती शिकवा. दिवाळीनंतर रस्ते कोरडे असतात, कापणी झालेली मोकळी बांधी असते, तिथे सकाळी अर्धा तास सराव करा. काकूंनी शिकायचं ठरवलं तर काकांनी शेजारच्या सीटवर बसून ओरडायचं नाही, एवढी अट.

श्रोत्यांचे दोन प्रश्न

एका भगिनींनी विचारलं, "ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाचं काय करायचं?" उत्तर: काहीच नाही. तो बाजूला विसावू द्यावा. एकाच उजव्या पायानं ब्रेक आणि अॅक्सिलरेटर. दोन्ही पाय वापरायला गेलं की घाईच्या क्षणी क्लचच्या सवयीनं डावा पाय ब्रेकवर जोरात पडतो आणि मागची गाडी येऊन धडकते.

एका तरुणानं विचारलं, "विजेच्या गाड्या आल्यावर हा वाद राहील का?" उत्तर: बहुतेक विजेच्या गाड्यांना बदलायचा गिअरच नसतो आणि मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, त्यामुळे दांड्याचा वाद संपेल. पण पोटाची उंची, टायर, रपट्यावरचं पाणी आणि घरात किती जणांना गाडी येते, हे चारही प्रश्न जसेच्या तसे राहतील.

 पुढच्या वर्षी याच मांडवात मी एकच विचारणार आहे, किती घरांत दुसरा ड्रायव्हर तयार झाला?

गणपती बाप्पा मोरया!